आतलं कोकरू

कस्तुराबाईला झोप लागत नव्हती असं कुणी म्हणालं असतं, तर तिनं त्याला उभा सोलला असता. दिवेलागण झाली, भाकर पोटात गेली, अंथरुणाला पाठ टेकली की बाई गाढ. कोंबडा आरवून आरवून घसा बसवून घ्यायचा, तेव्हा कुठं हिचे डोळे उघडायचे. म्हणजे झोपेला तोटा नव्हता. तोटा होता तो उठल्यावर. डोकं असं जड, जसं कुणी त्याच्यावर पाटा ठेवून वरवंटा फिरवतोय. पायांत गोळे. अन् जीव असा शिणलेला, जणू रात्रभर कुणी हिच्याकडून खुरपणी करून घेतली अन् वर घोटभर चहासुद्धा पाजला नाही.

बाई काही ऐरीगैरी नव्हती. धनगराच्या घरात चार दिरांची थोरली भावजय होऊन नांदलेली. तिच्या तोंडाला लागायचं तर माणूस आधी पाणी पिऊन घ्यायचा. वाळूजच्या माळावर कंपन्या आल्या, थोरला लेक कारभारी कंपनीत लागला, रांजणगावच्या कडेला दोन खोल्यांचं स्लॅबचं घर झालं. पण मेंढरं काही तिनं सोडली नाहीत. नवरा मुंजाबा गुडघ्यांनी बसला होता, म्हणून तो रात्री अंगणातल्या मेंढरं कोंडायच्या वाडग्यापाशी घोंगडी टाकून राखण करायचा अन् दिवसा कस्तुराबाई मेंढरं घेऊन निघायची. कंपन्यांचे मोकळे प्लॉट पडलेले होते, तारेच्या कुंपणाआड कमरेएवढं गवत. वॉचमनशी गोड बोललं की झालं. नाही ऐकला तर तिखट बोलायचं.

अन् तिथंच घोटाळा झाला. एका दुपारी बाभळीखाली टेकली अन् तिचा डोळा लागला. जिला बसल्या जागी मेंढरू शिंकलं तरी कोणतं ते कळायचं, ती घोरत पडली. मेंढरांनी उघडं फाटक बघितलं अन् सगळी कंपनीच्या बागेत. पाहुणे यायचे म्हणून लावलेला शेवंतीचा वाफा त्यांनी पार देठापर्यंत साफ केला. कंपनी पण दुसरी कोणती नाही, कारभारीचीच.

संध्याकाळी कारभारी घरात आला तो चपला न काढता.

"माय, साहेबानं मला सगळ्यांदेखत बोलावलं. म्हणला, कारभारी, ही पावणी मंडळी तुमची का?"

"मग? वळखली का नाय तू?"

"हसू नको, माय. आता बास झालं. अप्पारावला सांगावा धाडलाय. रविवारी येऊन मेंढरं बघून जाईल."

अप्पाराव म्हणजे मेंढरांचा दलाल. तो ज्या वाडग्यात शिरला, ते वाडगं पुढं सायकली ठेवायच्याच कामाला आलं, असा त्याचा लौकिक.

"मी मेले का रं?" कस्तुराबाई कडाडली.

"मेली नाय म्हणूनच म्हणतो. आज बाभळीखाली झोपलीस, उद्या ट्रकखाली झोपशील." कारभारी चपला काढायला वाकला. "तुला काय झालंय तेच कळंना झालंय गं."

हे मात्र तिला लागलं. रागानं बोलला असता तर तिनं दुप्पट दिलं असतं. पण हा काळजीनं बोलला.

"रविवारला अवकाश हाय," ती म्हणाली. "तवर मी धड झाले नाय, तर ने तुझी मेंढरं. झाले तर अप्पारावला च्या पाजून वाटंला लावायचं. बोल."

"बोललो," कारभारी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती नाक्यावरच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीण तरणी होती, पण तिरसट नव्हती. डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, जीभ बघितली, रक्त काढलं, दुपारपर्यंत बसवून ठेवलं.

"रक्त चांगलं आहे, मावशी. साखर नाही. झोप येते का?"

"झोप? विकायला काढली तर गुलमंडीत दुकान टाकावं लागंल."

डॉक्टरीण हसली. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "थकवा दिवसभर सारखाच असतो, की कधी कमी होतो? कुठं गेलं की बरं वाटतं?"

"आता दुखनं काय जागा बघून येतं व्हय!" असं म्हणून कस्तुराबाई उठली खरी. पण वाटेनं तो प्रश्न गोखरूसारखा तिच्या लुगड्याला चिकटून आला. कुठं बरं वाटतं? आठवून बघितलं तर खरंच की! मागं बिडकीनला लेकीकडं, बानाबाईकडं, दोन रात्री राहिली होती. तिथं पहाटेच जाग आली, लेकीच्या आधी सडा घातला, जावयाला चार शब्द सुनावले, काही म्हणजे काही दुखलं नाही. घरी आली अन् दुसऱ्या सकाळी पुन्हा डोक्यावर पाटा.

बाईच्या मनात पहिला संशय आला तो जगातल्या कोणत्याही सासूच्या मनात आला असता तोच. लेकीच्या हातचं खाल्लं तर बरं, सुनेच्या हातचं खाल्लं तर आजार!

"साळू, आजपासनं माझी भाकर मी थापीन," तिनं सुनेला सांगितलं.

साळूबाईनं परात पुढं सरकवली. "थापा की आत्याबाई. हात सुटले माझे. पर एक सांगा, माझ्या भाकरीत काय वंगाळ आसतं, तर तुमच्या आधी तुमचा लेक आडवा झाला आसता. तुमच्या दुप्पट हाणतो."

उत्तर फटकन आलं अन् बरोबरही होतं. सून आपल्याच वळणावर चालली, म्हणून कस्तुराबाईला मनातून बरंच वाटलं, पण ते काय तोंडावर सांगायचं असतं? भाकर मात्र तिनं स्वतः थापली, स्वतः खाल्ली. सकाळी डोकं तसंच. भाकर सुटली. सूनही सुटली.

मुंजाबाचं म्हणणं वेगळंच. "बिरोबा कोपलाय. रान सोडून स्लॅबाखाली आलो नव्हं का आपण!"

"मग त्यानं माझंच डोस्कं कशाला धरावं? स्लॅब टाकायला तुमी नाचत व्हते. अन् तुमी तर हिवाळ्याचं उघड्यावर निजून गाजरावानी लाल!"

बोलता बोलता ती थांबली. उघड्यावर निजून. हे तोंडातून गेलं खरं, पण त्याचं काय करायचं ते तिला तेव्हा कळलं नाही.

ते कळवलं कोकरानं.

पांढऱ्या मेंढीला थंडीत जुळी झाली होती. आईला दूध एकापुरतंच. धनगराच्या घरी अशा वेळी एक आईपाशी ठेवतात अन् दुसरं घरातली म्हातारी उचलते. बाटलीनं दूध पाजते, रात्री आपल्या वाकळेच्या कडेला घेऊन निजते. कस्तुराबाईनं तसंच केलं. आधी हे कोकरू बाहेरच्या खोलीत फिरायचं. एकदा त्यानं साळूबाईच्या नव्या चादरीवर नको ते केलं, साळूबाई कुरकुरली, अन् तेव्हापासून कस्तुराबाई फुगून बसली. आपली वाकळ, आपलं कोकरू घेऊन ती मागच्या स्वयंपाकाच्या खोलीत निजायला गेली अन् आतून कडी लावून घ्यायला लागली. "जळो तुमची चादर!"

आता सकाळच्या उन्हात तिनं दोन्ही कोकरं शेजारी सोडली अन् टक लावून बसली. बाहेरचं टुणटुण उड्या मारत होतं. आतलं, बाटलीनं भरपेट प्यालेलं, पोट टम्म, पण पाय फाकून उभं, मान खाली, डोळे मिटू मिटू. दुपारी तेच कोकरू वाडग्यावरून उडी घ्यायला बघत होतं! दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. पुन्हा मान खाली.

"आगं बया," कस्तुराबाई कोकराला म्हणाली, "तुझं अन् माझं दुखनं एकच हाय की."

माणसाच्या दुखण्यात तिला फार गती नव्हती. माणूस खोटं बोलतं. पण मेंढरू? त्याच्यासाठी सासऱ्यानं शिकवलेला एक धडा होता. कळप सुस्तावला तर आधी पाला-मुळी शोधत बसू नको, आधी जागा बदल. ओल असंल, किडा असंल, काय असंल ते नंतर बघ. जागा खाती, सासरा म्हणायचा, अन् खाताना आवाज करत नाही.

त्या संध्याकाळी तिनं कोकरांची अदलाबदल केली. आतलं बाहेर, मुंजाबाच्या घोंगडीत. बाहेरचं आत, आपल्या वाकळेत. मुंजाबा वैतागला, "आगं ते नाजूक हाय, गारठून मरंल."

"मरू द्या. मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"ते मेल्यावर सांगते."

सकाळी उठायला तिला रोजच्यासारखीच लढाई करावी लागली. भिंत धरून उभी राहिली, कोकरू काखेत मारलं, कडी काढून अंगणात आली अन् त्याला खाली ठेवलं. काल टुणटुण उडणारं कोकरू पाय फाकून उभं. मान खाली. अन् ते नाजूक? मुंजाबाच्या घोंगडीतून निघून त्याच्या मिशा चाटत होतं.

कस्तुराबाईचं डोकं ठणकत होतं, तरी तिला हसू फुटलं. सापडलं नव्हतं अजून, पण घेरात आलं होतं. भाकर नाही, देव नाही, रक्त नाही. खोली!

मग तिनं ती खोली हुंगून हुंगून बघितली. ज्वारीची कोठी हलवली, मागं उंदीर नाही. रांजण उपसला, पाणी गोड. चादरी झटकल्या. कोपऱ्यात शेगडी होती, भुशाची. त्या शेगडीचा तिला अभिमान. कंपनीतल्या लाकडी खोक्यांचा भुसा फुकट मिळायचा. मधोमध बाटली उभी करून भोवती भुसा असा ठासायचा की बाटली ओढून काढली तरी भोक ढासळू नये, मग खालून पेटवायचं. सुरुवातीला जरा धूर, मग नुसता लाल जाळ, मंद, पहाटेपर्यंत. कारभारी पहिल्या पाळीला जायचा, त्याला अंघोळीला पाणी कढत लागायचं; हल्ली ते मायेचं दार बडवून घ्यावं लागायचं. तिच्यासारखी शेगडी आख्ख्या आळीत कुणाला भरता यायची नाही. त्या शेगडीवर संशय घ्यायचा म्हणजे आपल्याच हातावर घ्यायचा. अन् धूर तर दिसत नाही, मग दोष कसला? जुन्या घरीही हीच शेगडी होती, तिथं बाई पहाटे गात उठायची.

पण जुन्या घराच्या भिंती तुऱ्हाट्यांच्या होत्या, वारा आरपार. इथं चारही बाजूंनी सिमिट. अन् खिडकी?

खिडकीला पत्रा ठोकलेला होता.

त्याची गोष्ट अशी. विद्यापीठाच्या नावावरून ते दिवस पुन्हा तापले होते. औरंगाबादेत आज बंद, उद्या मोर्चा. कंपनीची बस कधी यायची, कधी नाक्यावरूनच माघारी वळायची. मागच्या बोळापलीकडं आशाबाईचं घर. दारावर निळा झेंडा, भिंतीवर ठसठशीत अक्षरांत 'नामांतर झालंच पाहिजे'. आशाबाईचा नवरा सखाराम अन् कारभारी एकाच बसनं जाणारे, एकाच बाकड्यावर बसणारे. बोळ एवढा अरुंद की या खिडकीतून त्या खिडकीत ताकाचा तांब्या जायचा अन् तिकडून ठेच्याची वाटी यायची. दिवाळीच्या सुमारास कुणीतरी अफवा सोडली, आज रात्री दगड येणार. कुणाचे, कुणावर, हे कुणी विचारलं नाही. कारभारीनं पत्रा आणला, खिडकीवर आतून ठोकला. दगड काही आला नाही. पत्रा मात्र राहिला. तेव्हापासून ताक गेलं नाही अन् ठेचाही आला नाही.

कस्तुराबाई मागच्या बोळात आली अन् बाहेरून खिडकी न्याहाळायला लागली. वरून हात फिरवला, खालून फिरवला. फट म्हणून नाही.

"काय शोधता, मावशी?" पलीकडच्या खिडकीतून आवाज आला. आशाबाई तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं नाही. आवाजात पहिली ऊब नव्हती.

"माझं डोस्कं शोधते," कस्तुराबाई म्हणाली. "हारवलंय."

आशाबाईला हसायचं नव्हतं, पण ओठ हलले. "आमाला वाटत व्हतं, दगड आला तर तुमच्याकडनं येईल. अन् पत्रा तुमीच ठोकला!"

"मी नाय. लेकानं ठोकला."

"खिळे कुणी धरले व्हते?"

खिळे कस्तुराबाईनंच धरले होते. ती पुन्हा खिडकीची चौकट चाचपायला लागली.

आशाबाईनं सूप पाखडलं. जरा नरमून म्हणाली, "शेगडी बंद केली का वो तुमी?"

"का?"

"पहिलं तुमी पेटवली की आमच्या घरात कळायचं. ह्यांचे डोळे चुरचुरायचे. रोज शिव्या घालायचे, 'मावशीनं पेटवली बघ.' आता दोन म्हयन्यांत वास नाय का काय नाय."

"बंद कशाला करीन? रोज पेटवते की."

"मग जातो कुठं तो वास?"

कस्तुराबाई गर्रकन वळली. खिडकीकडं बघितलं. पत्र्याकडं बघितलं. मग पुन्हा आशाबाईकडं. रात्रभर जळणारी ती लाल शेगडी. बंद कडी. सिमिट. आत एक म्हातारी अन् एक कोकरू. आधी जे बोळात जायचं अन् सखारामाचे डोळे झोंबवायचं, ते आता जाणार कुठं? जिथं कोंडलंय तिथंच बसणार. दिसो की ना दिसो.

"आशे," ती म्हणाली, "तुझ्याकडं पकड हाय का गं?"

आशाबाईनं सखारामाची पकड खिडकीतून पुढं केली. कस्तुराबाई आत गेली अन् पहिला खिळा असा ओढला की पत्रा किंचाळला. आवाज ऐकून कारभारी धावत आला.

"माय, काय करतीस? दिवस बरे नाहीत बाहेर!"

"बाहेरचे दिवस बरे व्हायची वाट बघत मी आत मरू व्हय? दगड आला तर निदान दिसंल तरी, कुणी मारला ते. हे जे मला खातंय, ते दिसत बी नाय." दुसरा खिळा निघाला. "ही शेगडी कुणासाठी जळती? तुझ्या आंघोळीसाठी. आता गप उभा राहा अन् पत्रा धर."

कारभारीनं पत्रा धरला.

शेगडी बोळात गेली. खिडकी उघडी, कडीसुद्धा उघडी. त्या रात्री थंडी मरणाची होती, कस्तुराबाई दोन वाकळा घेऊन निजली. सकाळी जाग आली तेव्हा कोंबडा अजून गळा साफ करत होता. डोकं हललं, पण दुखलं नाही. तिनं आधी स्वतःकडं बघितलं नाही, कोकराकडं बघितलं. ते वाकळेवरून उडी मारून रांजणाला धडकलं.

ती डॉक्टरिणीकडं गेली ती सांगायला, विचारायला नाही. डॉक्टरीण ऐकता ऐकता लिहायची थांबली. कोंडलेल्या खोलीत शेगडी जळली की एक वायू साठतो, त्याला रंग नाही, वास नाही, असं तिनं समजावलं. मग हळू म्हणाली, "मावशी, एखाद्या सकाळी तुम्ही उठलाच नसता."

"तुमीच तर इचारलं, कुठं बरं वाटतं म्हणून," कस्तुराबाई म्हणाली. "मी तुमाला फटकारून गेले. पर प्रश्न नेला."

रविवारी अप्पाराव फटफटीवर आला. डोळ्याला काळा चष्मा, बोटात अंगठ्या. वाडग्यापाशी उभा राहून मेंढरांकडं असा बघत होता, जशी ती त्याच्या ताटातच वाढलीत.

"म्हातारे, ऐकलं की तुला बसल्या बसल्या झोप येती."

"येती ना. तुझं बोलणं ऐकलं की अजून बी येती." कस्तुराबाई वाडग्याच्या फळीवर हात ठेवून ताठ उभी होती. अंग अजून पुरतं भरलं नव्हतं, चार दिवसांत भरणारही नव्हतं, पण डोकं तिचं तिला परत मिळालं होतं. "मेंढरं बघायच्या आधी एक काम कर. ते बारकं कोकरू धरून दाव. हातात आलं, तर पुढचं बोलू."

अप्पाराव हसत वाकला. कोकरू त्याच्या दोन्ही पायांमधून गेलं. तो वळला, ते परत आलं. तिसऱ्या खेपेला अप्पाराव लेंड्यांत गुडघ्यांवर अन् काळा चष्मा पांढऱ्या मेंढीच्या पायाखाली. मुंजाबा खोकल्याचं निमित्त करून हसला. साळूबाईनं तर निमित्तसुद्धा शोधलं नाही.

कस्तुराबाईनं लेकाकडं बघितलं. कारभारीनं मेंढरांकडं बघितलं, मग मायेकडं. तिचे डोळे उघडे होते, टक्क. बऱ्याच दिवसांनी.

"साळू," तो शेवटी म्हणाला, "अप्पारावला च्या ठेव."

अप्पारावला कढत चहा मिळाला, अन् फटफटीला लाथ मारून तो गेला. कस्तुराबाईनं काठी घेतली, मेंढरं मोकळी केली. तेवढ्यात मागच्या बोळातून सखारामाचा आवाज आला, त्रासलेला, ठसकत ठसकत:

"आवं मावशी, ही शेगडी दिवसाची बी जळती का? डोळे फुटले की आमचे!"

"फुटू दे!" ती ओरडली. "माझे उघडले की. जरा पलीकडं सरकव, अन् तुमचं बी पाणी ठेव तिच्यावर, फुकट जळतीय."

मग मेंढरं पुढं घालून ती प्लॉटांकडं निघाली. कंपनीच्या फाटकावरून जाताना वॉचमननं तिला बघून घाईघाईनं फाटक लावून घेतलं.